रिपोर्ट मिळाला, पण माणूस सांगलीला पोचलाच नाही

कृष्णाकाठची | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहितेच.

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी १४ वर्षं आयसीटीसीला समुपदेशक होते. आयसीटीसी म्हणजे एचआयव्हीची मोफत तपासणी होते ती खोली. एक टेबल, तीन खुर्च्या, एक कपाट आणि दाराला आतून कडी. "तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आहे" हे त्या खोलीत मी किती जणांना सांगितलं, मोजलं नाही. ते सांगणं अवघड असतंच. पण मला जास्त छळतं ते त्याच्या पुढचं. रिपोर्ट ऐकून माणूस बाहेर पडतो, आणि औषध मिळतं त्या एआरटी सेंटरला त्यानं आपलं आपण जायचं असतं. आमच्याकडनं सांगली सिव्हिलला एसटीनं दोन तास. त्या वाटेवर माणसं गळतात.

एकाचं सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडं इकडचं तिकडं केलंय. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यातला पोरगा, वय ३२, दक्षिणेत दुकान. चैत्रात गावच्या जत्रेला आलेला. महिनाभर ताप येत-जात होता म्हणून डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली. मी रिपोर्ट सांगितला. रडला नाही, काही विचारलं नाही, माझ्या मागच्या कॅलेंडरकडं बघत बसला. मी आपली बोलत राहिले : औषध फुकट आहे, कायम घ्यायचं, बायकोची तपासणी, निरोध, टीबी, आहार. पाऊण तास. मग सांगलीची चिठ्ठी लिहून दिली, "उद्या सकाळीच जा" म्हणाले. "व्हय मॅडम" म्हणाला, चिठ्ठीची घडी घालून पाकिटात ठेवली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सिव्हिलला फोन लावला. आला नव्हता. तिसऱ्या दिवशीही नाही. त्यानं लिहून दिलेला नंबर लागेना. जत्रा उरकली तसा तो परत दुकानाला निघून गेला.

आठ महिन्यांनी थोरला भाऊ त्याला धरून घेऊन आला. वजन ३८ किलो. मी ओळखलंच नाही. भावाला आजाराचं काही ठाऊक नव्हतं, पाकिटात आधार कार्ड शोधताना आमच्या रुग्णालयाची चिठ्ठी सापडली म्हणून तो आमच्याकडं आला. माझ्याच अक्षरातली चिठ्ठी. इतक्या वेळा उघडून परत घातलेली, की घड्यांवरची शाई उडून गेली होती आणि कागद चार ठिकाणी फाटायला आला होता.

त्यानं ती टाकून दिली नव्हती. आठ महिने काढून बघत होता, परत घालत होता.

तो वाचला. आधी टीबीची औषधं सुरू झाली, मागोमाग एचआयव्हीची. आज दुकान चालवतोय. पण मी त्या चिठ्ठीचा विचार अजून करते. मी पाऊण तास बोलले त्यातलं त्याच्या कानात काहीच गेलं नव्हतं. त्याला माहिती नको होती, दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर कुणीतरी बरोबर हवं होतं.

तेव्हापासून पद्धत बदलली. पहिल्या दिवशी फार बोलायचं नाही. औषध आहे, ते फुकट आहे, वेळेवर घेतलं तर माणूस पुरं आयुष्य जगतो, एवढंच. मग त्याच्यासमोरच सांगलीच्या समुपदेशकाला फोन लावायचा आणि फोन त्याच्या हातात द्यायचा. एकदा आवाज ऐकला की तिथं आपल्या ओळखीचं कुणीतरी आहे असं वाटतं. चिठ्ठीवर दिवस लिहायचा, कितीची गाडी तेही लिहायचं. आणि विचारायचं, "बरोबर कोण येईल?" कुणीच नसेल तर आमच्या ओळखीच्या, आधीपासून औषध घेणाऱ्या ताई-दादांपैकी कुणाला तरी, दोघांची तयारी असेल तर, जोडून द्यायचं.

इथं या कामातली, किंवा स्वतः या वाटेनं गेलेली माणसं असतील. तुमच्या वेळी काय झालं? कुणी सोबत आलं होतं का?

---

तासगावची_लेक | रविवार, रात्री १०:३५

ताई, चिठ्ठीचं वाचून हातातलं काम थांबलं.

मी स्वतः पॉझिटिव्ह आहे, २००९ पासून. मालक गेले त्याच वर्षी, त्यांच्या शेवटच्या आजारपणात माझी तपासणी झाली. धाकटा तेव्हा पोटाशी होता, पुढं त्याचा रिपोर्ट मात्र देवाच्या दयेनं निगेटिव्ह आला.

त्या वेळी आत्तासारखं लगेच औषध नव्हतं. सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींचा आकडा, ठरावीक मर्यादेच्या खाली गेला तरच गोळी सुरू व्हायची. माझा ६१२ आला. मला सांगितलं, "तुम्हाला आत्ता औषधाची गरज नाही, सहा महिन्यांनी रक्त तपासायला या." मला वाटलं मला आजार नाहीच! घरी येऊन सासूबाईंना तसंच सांगितलं. माझ्याबरोबर नाव घातलेल्या दोघी परत आल्याच नाहीत. आल्या तेव्हा स्ट्रेचरवरनं.

मी का गेले परत? कारण पहिल्या दिवशी रांगेत माझ्यापुढं एक मावशी होत्या, कवठेमहांकाळच्या. मी कोपऱ्यात तोंडावर पदर घेऊन उभी होते. त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी काढून माझ्या हातावर ठेवली, वर शेंगदाण्याची चटणी. म्हणाल्या, "खा, रक्त काढल्यावर चक्कर येती." मालक गेल्यापासून कुणी माझ्या हाताला हात लावला नव्हता. सहा महिन्यांनी त्यांनीच फोन करून बोलवलं. पुढं माझीही गोळी सुरू झाली, आणि अकरा वर्षं आम्ही महिन्याच्या गोळ्या एकाच गाडीनं आणल्या.

उपचाराची नोंद असते ते हिरवं पुस्तक अजून तूरडाळीच्या डब्यात असतं.

---

खानापूर_गलाई | सोमवार, सकाळी ७:५०

आमच्याच धंद्यातल्या पोराची गोष्ट वाचली. मी ३० वर्षं कोइमतूरला आहे. आमच्यात हे आहे आणि कुणी बोलत नाही. पोरं १६-१७ व्या वर्षी घर सोडतात, दुकानातच झोपतात.

एक विचारायचं होतं. समजा गावाकडं तपासणी झाली आणि माणूस राहतो तमिळनाडूत, तर औषध कुठनं घ्यायचं? दर महिन्याला सांगलीला येणं कुणालाच जमणार नाही. सांगलीत नाव घातलं तर तिकडं देत नाहीत असं वाटून आमच्यातला एक जण कुठंच गेला नाही.

---

कृष्णाकाठची | सोमवार, सकाळी ८:४०

दादा, बरं झालं विचारलंत. असं कुणाला वाटत असेल तर आजच सांगा : हे औषध देशभर एकाच राष्ट्रीय कार्यक्रमातून मिळतं. सांगलीत सुरू करून बदली करून घेता येते. सेंटरमध्ये बदलीचं पत्र मागायचं, हिरवं पुस्तक बरोबर ठेवायचं, नव्या ठिकाणी दोन्ही दाखवायचं. नाव सांगलीत आहे आणि माणूस दुसरीकडं अडकलाय, गोळ्या संपत आल्यात, असं झालं तर जवळच्या सरकारी एआरटीला जाऊन तसं सांगायचं. गोळी चुकवायची नाही.

जवळचं सेंटर माहीत नसेल तर १०९७ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे. नाव सांगावं लागत नाही.

ऊसतोड कामगारांचंही हेच. हंगामात इकडं तपासणी होते, टोळी बीडला परत गेली की माणूस आमच्या यादीतही नाही आणि तिकडच्या यादीतही नाही. आम्ही तपासणीच्याच दिवशी विचारायचो, "पट्टा कधी पडणार?", म्हणजे हंगाम कधी संपणार. त्याच्या आधी बदलीचं पत्र हातात पडलं पाहिजे. आणि जोडप्यातल्या दोघांचंही पत्र. बाईचं विसरलं जातं.

---

पेठभागातला_डॉक्टर | सोमवार, दुपारी २:१५

मी खाजगी प्रॅक्टिस करतो, आमच्या बाजूची चूक आम्हीच सांगितली पाहिजे.

माणसं हरवतात ती पुष्कळदा आयसीटीसीच्या आधीच. ऑपरेशनच्या अगोदर रक्त तपासतात, एक झटपट चाचणी रिअॅक्टिव्ह येते, म्हणजे एचआयव्हीची शंका दाखवते, आणि वॉर्डाच्या दारात सगळ्यांसमोर नातेवाइकांना सांगितलं जातं. मी हे एका दवाखान्यात डोळ्यांनी पाहिलंय. पेशंट त्याच रात्री डिस्चार्ज घेऊन गेला, तो कुठंच पोचला नाही.

दोन गोष्टी ठाम सांगतो. एका चाचणीवर निदान होत नाही. आयसीटीसीत वेगवेगळ्या तीन चाचण्या करून मगच पॉझिटिव्ह म्हणतात, म्हणून पेशंटला तिकडंच पाठवायचं. आणि त्याच्या संमतीशिवाय तिसऱ्या कुणाला सांगायचं नाही, तो कायदा आहे. एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यात भेदभावालाही बंदी आहे. उपचार नाकारणं हाही भेदभावच.

---

जतचा_पाटील | सोमवार, सायंकाळी ६:३०

मला एक कळत नाही. एवढी माणसं हरवतात तर गावच्या आशाताईला सांगा की. ती घरी जाऊन हात धरून घेऊन येईल. टीबीवाल्यांच्या घरी जातातच ना? लपवाछपवीनंच हा रोग एवढा वाढला असं माझं स्पष्ट मत आहे.

---

कृष्णाकाठची | सोमवार, रात्री ९:००

पाटील दादा, तुमची तळमळ पोचली. पण नाही.

आशाताई त्याच गावची, कुणाची तरी भावकी. सगळ्या चांगल्या असतात, मी त्यांच्याबरोबर काम केलंय. पण माणसाला नुसती शंका आली की गावात कुणाला तरी कळणार, तर तो पुढच्या वेळी तपासणीलाच येत नाही. पेशंट स्वतः म्हणाला, "आशाताई माझ्या विश्वासातली आहे, तिला सांगा," तर जरूर. तो निर्णय त्याचा.

घरी जाण्याचंही तसंच. आमच्याकडं पाठपुरावा करणारी एक मुलगी होती. परवानगी असेल तिथंच जायची. तरीही गाडी गल्लीच्या तोंडाशी लावायची आणि कुणी विचारलं तर बचत गटाचं काम सांगायची. एकदा तिच्या पिशवीतून फाईलचा कोपरा बाहेर आला होता, त्यावर सरकारी शिक्का. शेजारणीनं तेवढं पाहिलं, आणि त्या बाईनं पुढं दोन महिने दार उघडलं नाही.

म्हणून तपासणीच्या दिवशी नंबर लिहून घेताना मी तीन प्रश्न विचारायचे : हा फोन कोण उचलतं? कोणत्या वेळी केलेला चालेल? दुसऱ्या कुणी उचलला तर मी कोण म्हणून सांगू? बायकांच्या बाबतीत तर नंबर बहुतेक वेळा नवऱ्याचा किंवा दिराचा निघतो. एकीनं मला सांगून ठेवलं होतं, "शिलाई मशीनच्या दुकानातली बाई म्हणा." आठ वर्षं मी तिच्या घरच्यांसाठी शिलाई मशीनवालीच होते.

---

हळदीचा_गाव | सोमवार, रात्री ९:४५

सांगलीकरांनी एक विसरू नये. माणसानं माणसाला सोबत करायची ही रीत आपल्या गावात फार आधीपासून आहे. १९९२ साली मीना शेषूंनी संग्राम संस्था सुरू केली, तेव्हा वेश्या व्यवसायातल्या बायकांनीच एकमेकींना समजावून निरोधाचा प्रसार केला. १९९६ पासून त्यांची स्वतःची व्हॅम्प संघटना आहे. सरकारी मोफत एआरटी सुरू झाली २००४ च्या १ एप्रिलला, म्हणजे त्याच्या कितीतरी आधी. औषधच नव्हतं तेव्हाही या बायका एकमेकींजवळ बसून होत्या.

---

अनामिक_कुपवाड | सोमवार, रात्री ११:५२

हा धागा दुपारपासून वाचतोय. लिहू की नको करत होतो.

मी २६ वर्षांचा आहे. एमआयडीसीत कामाला. मंडळाच्या शिबिरात रक्त दिलं होतं. रक्तपेढीतून फोन आला, एकदा भेटून जा. त्यांनी आयसीटीसीला पाठवलं. गेल्या मंगळवारी रिपोर्ट मिळाला. पॉझिटिव्ह.

तिथल्या मॅडम चांगल्या बोलल्या. चिठ्ठी दिली. आज सहा दिवस झाले. चिठ्ठी गाडीच्या डिकीत आहे. दोनदा सिव्हिलच्या गेटपर्यंत गेलो आणि पुढं निघून गेलो. आमच्या गल्लीतला एक जण तिथं वॉर्डबॉय आहे.

घरी माहीत नाही. दिवाळीनंतर लग्न ठरलंय.

---

कृष्णाकाठची | मंगळवार, रात्री १२:०५

दादा, मी जागी आहे. तुम्ही लिहिलंत, फार बरं केलंत.

सहा दिवसांनी काही बिघडलेलं नाही. दोनदा गेटपर्यंत गेलात म्हणजे निम्म्याहून जास्त वाट तुम्ही एकट्यानं चाललाय.

वॉर्डबॉयचं म्हणाल तर सिव्हिलला माणूस शंभर कारणांनी जातो. कुणी विचारलंच तर "कंपनीचं मेडिकल" म्हणा. आणि तिथं अजिबातच जमणार नसेल तर दुसऱ्या सेंटरला नाव घालता येतं, १०९७ वर विचारा. औषध सुरू होणं महत्त्वाचं, कुठून ते नंतर बघू.

लग्नाचं आज रात्री ठरवायचं नाही. तारीख पुढं ढकलायला लोकांना हजार कारणं सांगता येतात. पण मी तुमच्यापासून लपवणार नाही : त्या मुलीला न सांगता लग्न करायचं नाही. कसं सांगायचं, कधी सांगायचं, त्याला समुपदेशक मदत करतात, मी स्वतः अशी पुष्कळ बोलणी घडवलीत. काही लग्नं मोडली, काही झाली. औषध नियमित घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, सापडणार नाही इतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. मुलंबाळंही निगेटिव्ह होतात. हे डोळ्यांसमोर ठेवा आणि झोपा.

---

तासगावची_लेक | मंगळवार, सकाळी ६:२०

बाळा, मी माझ्या थोरल्याच्या वयाच्या पोराशी बोलतेय असं समज.

उद्या बुधवारी माझ्या गोळ्यांचा दिवस आहे. मी पावणेदहाला तिथं असते. हिरवी साडी, हातात स्टीलचा डबा. मला ओळख दाखवायची गरज नाही, बोलायची गरज नाही. नुसता येऊन बाकावर बैस. मी आहे एवढं तुला माहीत असू दे.

काय काय होतं ते सांगते, म्हणजे धास्ती नको. आधी नाव घालतात, पांढरं कार्ड तयार होतं, ते त्यांच्याकडंच राहतं. समुपदेशक बोलतात. वजन करतात, खोकला-ताप-घाम-वजन उतरणं विचारतात, ते टीबीसाठी. रक्त काढतात. डॉक्टर बघतात. २०१७ पासून सीडीफोर कितीही असला तरी औषध देतात, आमच्यासारखं थांबवून ठेवत नाहीत. सगळं ठीक असलं तर त्याच दिवशी, नाहीतर थोड्या दिवसांत बाटली हातात पडते. दिवसाला एकच गोळी. ओळखपत्र असलं तर ने, नाही म्हणून घरी बसू नको. खाऊन ये.

एसटीची मोफत सवलत आहे आपल्याला, पण मी कंडक्टरपुढं ते कार्ड काढत नाही. गाडीत गावची माणसं असतात. आता बायकांना अर्धं तिकीट झालंय, तेवढंच बरं.

---

जतचा_पाटील | मंगळवार, सकाळी ९:१०

आशाताईचं मी मागं घेतो. असा विचार केला नव्हता. पोरा, जा.

---

खानापूर_गलाई | मंगळवार, दुपारी १:२०

भावा, आमच्या दुकानातल्या एकाला काल रात्री हा सगळा धागा वाचून दाखवला. तो उद्या इथल्या सेंटरला चाललाय. मी बरोबर जातोय, दुकान अर्धा दिवस बंद ठेवून. तू तिकडं जा, आम्ही इकडं जातो.

---

कृष्णाकाठची | बुधवार, दुपारी ३:३०

काही कळलं का?

---

तासगावची_लेक | बुधवार, सायंकाळी ५:४०

मी दोन वाजेपर्यंत होते. तिथं कोण आलं, कोण नाही, हे मी इथं लिहिणार नाही ताई. ते ज्याचं त्यानं सांगावं.

डब्यातली एक भाकरी कमी झाली एवढं लिहिते.

---

अनामिक_कुपवाड | बुधवार, रात्री १०:२०

गेलो होतो.

गेटवर परत पाय थांबले होते. मग हिरवी साडी दिसली. मावशींनी माझ्याकडं बघितलंपण नाही, नुसती बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. जागा झाली. बसलो.

वॉर्डबॉय दिसलाच नाही. बाटली मिळाली. तीस गोळ्या आहेत, मोजल्या. पहिली आत्ता जेवून घेतली, बाटली हेल्मेटच्या पिशवीत ठेवलीय. पंधरा दिवसांनी परत बोलवलंय, तारीख मोबाईलमध्ये टाकली, नाव "सर्व्हिसिंग" ठेवलं.

ताई, एक राहिलं विचारायचं. आई मला रोज रात्री कॅल्शियमची गोळी देते, माझा हात मोडला होता तेव्हापासून. ती याच्याबरोबर चालते का?

---

कृष्णाकाठची | बुधवार, रात्री १०:३१

एकदम घेऊ नका. या औषधातलं डोल्युटेग्रॅव्हिर कॅल्शियमबरोबर घेतलं तर अंगात नीट शोषलं जात नाही. लोहाच्या गोळीचं आणि अॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेल्या अॅसिडिटीच्या औषधाचंही तसंच. आधी ही गोळी घ्यायची, मग निदान दोन तासांनी कॅल्शियम. कॅल्शियम आधी घेतलं गेलं तर सहा तास थांबायचं. तुम्ही असं करा, आईला म्हणा सकाळी नाश्त्याबरोबर देत जा. पंधरा दिवसांनी जाल तेव्हा डॉक्टरांनाही सांगा की कॅल्शियम चालू आहे.

गोळी रात्री घ्यायची ठरवली असेल तर रोज तीच वेळ ठेवा.

---

अनामिक_कुपवाड | बुधवार, रात्री १०:३४

साडेनऊ ठरवलीय. आईला सकाळी सांगतो.